एक गाय आणि सोळा शेळ्या

मराठवाड्यातील कोणत्याही आठवडी बाजारात एक वाद हमखास ऐकू येतो. एक शेतकरी म्हणतो, “दावणीला एकच जनावर असावे, पण थोराड असावे.” दुसरा म्हणतो, “थोराड जनावर दुष्काळात दावणीला उभे राहून घर खाते. त्यापेक्षा चार शेळ्या बऱ्या.” दोघेही आपल्या अनुभवाचे बोलत असतात. हा वाद विज्ञानाच्या मदतीने सोडवता येईल काय? या लेखात आपण तसा प्रयत्न करणार आहोत. त्यासाठी भूमितीतला एक नियम, वर्गमूळ काढण्याची रीत आणि थोडा त्रैराशिकाचा हिशेब एवढे भांडवल पुरेल.

जगाच्या काही भागांत हा वाद गुरांच्या बाबतीत चालतो. आयर्लंडची डेक्स्टर ही गाय ठेंगणी असून तिचे वजन ३०० ते ३५० किलोग्रॅमच भरते. थोडी जमीन असलेले लोक ती दूध आणि मांस या दोहोंसाठी पाळतात. महाराष्ट्रात मांसासाठी गोवंश पाळता येत नाही. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या आणि २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू व बैलांच्याही कत्तलीस बंदी आहे. आपल्याकडे मांसासाठी पाळायचे लहान जनावर म्हणजे शेळी, आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर उस्मानाबादी शेळी.

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळीचे जुने नाव मात्र टिकून आहे. तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. तेथून ती बीड, परभणी, सोलापूर, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत पसरलेली आहे. बहुतेक शेळ्या काळ्याभोर असतात. काही पांढऱ्या, तपकिरी किंवा ठिपक्यांच्या. नीट वाढलेली शेळी सरासरी ३२ किलोग्रॅम, तर नर ३४ किलोग्रॅमच्या आसपास भरतो. ही जात मुख्यतः मांसासाठी पाळली जाते आणि जुळ्या करडांबद्दल तिची ख्याती आहे.

सोळाचे आठ

शेळी लहान असल्यामुळे कमी खाते, असे आपण सहज म्हणून जातो. एका शेळीपुरते ते खरे आहे. पण प्रश्न असा विचारून पाहा: जेवढ्या वजनाची एक गाय, तेवढ्याच वजनाच्या शेळ्या घेतल्या, तर कोण अधिक खाईल?

हिशेब सोपा व्हावा म्हणून पहिल्या वेताची २५ किलोग्रॅमची शेळी आणि ४०० किलोग्रॅमची गाय घेऊ. ४०० भागिले २५ म्हणजे १६. तेव्हा तराजूच्या एका पारड्यात एक गाय आणि दुसऱ्यात सोळा शेळ्या.

आता भूमितीकडे वळू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान १ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. बाजू दुप्पट केली की आकारमान ८ होते, पण पृष्ठफळ २४. म्हणजे लहान घनात दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होता, तो मोठ्या घनात ३ वर आला. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणून उकडलेला लहान बटाटा लवकर निवतो आणि मोठा उशिरा.

शेळी आणि गाय दोघींच्याही शरीराचे तापमान जवळजवळ सारखेच असते. लहान शेळीच्या अंगातून वजनाच्या मानाने अधिक उष्णता निघून जाते. ती भरून काढण्यासाठी तिला आपल्या शरीरातील भट्टी अधिक वेगाने पेटती ठेवावी लागते. १९३२ साली मॅक्स क्लायबर या अमेरिकेत काम करणाऱ्या स्विस शास्त्रज्ञाने उंदरासारख्या लहान प्राण्यांपासून गुरांपर्यंत अनेक प्राण्यांची मोजमापे एकत्र केली. त्यांतून त्याला एक नियम सापडला: विश्रांतीच्या स्थितीत प्राणी जी ऊर्जा खर्च करतो, ती वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. हा घात पाऊणच का, नुसत्या पृष्ठभागाच्या हिशेबाने येतो तसा दोन-तृतीयांश का नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. आपल्या कामासाठी नियम पुरेसा आहे.

पाऊण घात काढणे अवघड नाही. संख्येचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि आलेल्या संख्येचा घन करा. सोळाचे वर्गमूळ ४, चाराचे वर्गमूळ २, दोनाचा घन ८. म्हणजे वजनाने सोळा शेळ्यांएवढी असलेली गाय ऊर्जा खर्च करते ती फक्त आठ शेळ्यांएवढी!

दावणीवरचा अनुभवही हेच सांगतो. चाऱ्यातले पाणी वजा केले की जे उरते त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. गाय रोज आपल्या वजनाच्या सुमारे २ टक्के शुष्क पदार्थ खाते, तर शेळी ४ टक्क्यांपर्यंत खाते. गाईचे रोजचे ८ किलोग्रॅम झाले. एका शेळीचे १ किलोग्रॅम, म्हणून सोळा शेळ्यांचे १६ किलोग्रॅम. वजन तेवढेच, खाणे मात्र दुप्पट.

तेव्हा थोराड जनावराच्या बाजूने बोलणारा शेतकरी अगदीच चुकीचे बोलत नव्हता. नुसते पोट भरण्याच्या हिशेबात मोठे शरीर काटकसरी असते. मग शेळीत नफा येतो तो कोठून?

ओठ, पोट आणि कडबा

पहिले उत्तर असे की दोघींच्या ताटात एकच पदार्थ नसतो.

शेळी आणि गाय दोन्ही रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतुमय भाग आंबवतात. या कामाला वेळ लागतो. कप्प्याचा आकार शरीराच्या वजनाच्या प्रमाणात असतो; पण शेळीची गरज, आपण आताच पाहिले, त्या प्रमाणापेक्षा अधिक असते. त्यामुळे कप्पा गच्च भरून दोन दिवस कडबा आंबवत बसणे तिला परवडत नाही. तिला लवकर पचणारा, प्रथिने अधिक असलेला चारा हवा असतो. गाय ज्वारीच्या कडब्यावर दिवस काढू शकते. शेळीला नुसता कडबा टाकला तर ती पाने खाते आणि बुडखे टाकून देते. आपण तिला खोडकर म्हणतो, पण ती आपल्या पोटाचा हिशेब पाळत असते.

निसर्गाने तिला त्यासाठी साधनेही दिली आहेत. तिचे ओठ चपळ आणि तोंड निमुळते असते. बाभळीच्या काट्यांमधून नेमके पान खुडणे तिला जमते. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती बोर, हिवर, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला ओढते. बाभळीच्या शेंगा तर ती आवडीने खाते.

आता मराठवाड्याचा दुष्काळ आठवा. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांनी पाहिला असेल. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई अलीकडची. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी ज्वारी वाळून जाते आणि तिच्याबरोबर कडबाही जातो. परंतु बाभूळ आणि बोर यांची मुळे खोल गेलेली असतात. त्यांना पाला येतोच. गाईचे ताट रिकामे होते तेव्हा शेळीच्या ताटात काहीतरी उरलेले असते. तिचे खाणे दुप्पट असले तरी त्यातला मोठा भाग असा असतो की जो दुसऱ्या जनावराच्या तोंडी लागतच नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शंभर शेळ्या एकाच माळावर सोडल्या, तर कोवळी रोपे वर येण्याआधीच संपतील. म्हणून बांधावर शेवरी, सुबाभूळ यांसारखी झाडे लावून, पाला तोडून गोठ्यात टांगणे आणि थोडा वेळच चरायला सोडणे ही अर्धबंदिस्त पद्धत माळालाही सोसते आणि शेळीलाही.

नफा वेतात असतो

दुसरे उत्तर वंशवाढीच्या वेगात आहे. गावरान कालवड पहिल्यांदा विते तेव्हा तिचे वय साडेतीन-चार वर्षे झालेले असते. शेळीची पाठ दीड वर्षाच्या आसपास वितेही. गाय सव्वानऊ महिने गाभण राहते, शेळी पाचच महिने. चांगली निगा असेल तर दोन वर्षांत शेळीची तीन वेते होतात आणि दर वेताला एक किंवा दोन करडे मिळतात.

आता काही आकडे गृहीत धरून दोन वर्षांचा हिशेब मांडू. तुम्ही आपल्या गावातील आकडे घालून तो पुन्हा करायचा आहे.

शेळ्या १६, प्रत्येकीची ३ वेते, दर वेताला सरासरी दीड करडू: एकूण ७२ करडे. त्यांपैकी १२ दगावली असे धरू. उरली ६०. नऊ महिन्यांची झाल्यावर प्रत्येकी १८ किलोग्रॅम भरली, तर एकूण १,०८० किलोग्रॅम.

गाईची दोन वर्षांत दोन वासरे झाली असे उदारपणे धरू. वर्षभरात प्रत्येक वासरू १५० किलोग्रॅमचे झाले, तर एकूण ३०० किलोग्रॅम.

चाऱ्याचा हिशेब: सोळा शेळ्या रोज १६ किलोग्रॅम, दोन वर्षांचे ७३० दिवस, म्हणजे ११,६८० किलोग्रॅम. करडांचे सरासरी वजन १० किलोग्रॅम धरले तर प्रत्येकी रोज ४०० ग्रॅम. २७० दिवसांचे १०८ किलोग्रॅम आणि ६० करडांचे ६,४८० किलोग्रॅम. एकूण १८,१६० किलोग्रॅम. याला १,०८० ने भागले की उत्तर येते सुमारे १७. गाईचे ५,८४० आणि दोन वासरांचे, रोज २ किलोग्रॅमप्रमाणे वर्षाचे, १,४६०, एकूण ७,३००. याला ३०० ने भागले की सुमारे २४.

म्हणजे एक किलोग्रॅम वजनवाढीसाठी शेळ्यांच्या कळपाला १७ किलोग्रॅम आणि गाईच्या दावणीला २४ किलोग्रॅम शुष्क चारा लागला. खाणे दुप्पट असूनही शेळी पुढे गेली. (गाय आपल्याकडे मांसासाठी पाळत नाहीत, तिचे दूध, शेण आणि बैल यांचे मोल या हिशेबात धरलेले नाही. येथे फक्त शरीराच्या आकाराचा परिणाम पाहावयाचा आहे.)

आता एकच आकडा बदला. करडे १२ ऐवजी ३६ दगावली, म्हणजे निम्मी गेली, असे धरा. उरलेल्या ३६ करडांचे वजन ६४८ किलोग्रॅम. चारा ११,६८० अधिक ३,८८८, म्हणजे १५,५६८ किलोग्रॅम. भागाकार करा: उत्तर २४! शेळीने मिळवलेली सगळी आघाडी गेली.

या उदाहरणातून दिसते ते असे: लहान जनावर अधिक खाते आणि अधिक पिल्ले देते. पिल्ले जगली तरच ते अधिक खाणे कारणी लागते. शेळीपालनाचा नफा तोटा बाजारात ठरण्यापूर्वी करडाच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरत असतो.

थंडीची रात्र

करडे का दगावतात? त्याचे एक कारण पुन्हा त्याच घनाच्या भूमितीत आहे. नवजात करडू दोन-अडीच किलोग्रॅमचे असते, म्हणजे आईच्या एक-दशांश. त्याच्या दर किलोग्रॅम वजनामागे पृष्ठभाग आईच्या दुपटीहून अधिक असतो. त्यात ते जन्मते ओलेचिंब. अंगावरचे पाणी वाफ होऊन जाताना शरीरातली उष्णता घेऊन जाते. जुळ्यांचे प्रत्येक करडू एकट्या करडापेक्षा हलके, म्हणून त्यांना धोका आणखी जास्त. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात दिवसा ऊन असले तरी पहाटे चांगलाच गारठा पडतो. उघड्या गोठ्यात ओल्या जमिनीवर पडलेले जुळे करडू अशा पहाटे काकडून मरते.

उपाय स्वस्त आहेत. करडू जन्मताच कोरड्या गोणपाटाने खसखसून पुसावे, नाळेला आयोडीन लावावे, खाली कोरडे गवत पसरावे, वाऱ्याच्या बाजूला पोत्यांचा पडदा लावावा. आणि पहिल्या तासाभरात त्याला आईचा चीक पाजावा. चीक ही भट्टी पेटवायला लागणारी पहिली ऊर्जा आहे. त्याचे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे. गर्भात असताना करडाला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. करडाच्या आतड्यातून ती रक्तात शिरू शकतात, पण जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापुरतीच. आणि हा दरवाजा तासागणिक बंद होत जातो. “वार पडल्याशिवाय करडाला पाजू नये” अशी समजूत काही ठिकाणी आहे. ती पाळण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत.

एक मेली तर पंधरा राहतात, पण केव्हा?

लहान जनावराच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो. एक गाय मेली तर सारेच गेले. सोळांपैकी एक शेळी मेली तर पंधरा राहतात. शाळेची फी भरायची वेळ आली तर एक बोकड विकता येतो. गाईचा एक पाय विकता येत नाही.

संभाव्यतेच्या भाषेत हे असे मांडता येईल. कोणतेही जनावर वर्षभरात दगावण्याची शक्यता दहात एक धरू. गाय गेली की सगळे गेले, म्हणून सर्वस्व जाण्याची शक्यता दहात एक. सोळाही शेळ्या एकाच वर्षी जाण्याची शक्यता म्हणजे एक-दशांशचा सोळावा घात: एकावर सोळा शून्ये, इतक्यांत एक. जवळजवळ अशक्यच!

पण या गुणाकारात एक अट लपलेली आहे. एका शेळीच्या मरणाचा दुसरीच्या मरणाशी काही संबंध नाही, असे आपण धरले आहे. साप चावला, विहिरीत पडली, लांडग्याने नेली, तर ते ठीक. साथीच्या रोगाला मात्र ही अट मान्य नसते. पीपीआर हा विषाणूंचा रोग कळपात शिरला की ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण असे करत एकीकडून दुसरीकडे जातो. मग सोळा शेळ्या सोळा राहत नाहीत. त्या रोगाच्या दृष्टीने एकच मोठे जनावर होतात.

येथे लसीचे महत्त्व कळते. पीपीआरची लस तीन महिन्यांपुढील करडांना एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते, कारण पहिल्या पावसानंतर हिरवे लुसलुशीत गवत अचानक भरपूर पोटात गेले की आतड्यातले जंतू विष तयार करतात. लस एकेका शेळीला वाचवते. शिवाय सोळा शेळ्यांना ती पुन्हा स्वतंत्र सोळा बनवते.

जंतांचेही असेच. शेळी मूळची उंचावरचा पाला खुडणारी; जंतांच्या अळ्या असतात जमिनीलगतच्या ओल्या गवतावर. पावसाळ्यात तिला आखूड गवतावर दावे बांधून ठेवले की ती नेमक्या त्या अळ्या गिळते. पोटात वाढलेले जंत रक्त शोषतात. तिची खालची पापणी हलकेच उलटून पाहा. आतला रंग लालसर असेल तर बरे. फिकट, पांढुरका दिसला तर पशुवैद्यकाला दाखवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतनाशक औषध त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

शेळीची निगा सोपी असते ती अशी. तिला मोठी इमारत लागत नाही; दर शेळीमागे छपराखाली १० चौरस फूट आणि बाहेर २० चौरस फूट कोरडी जागा पुरते. शाळकरी मुलगाही तिला सांभाळू शकतो. परंतु सोपी निगा ठरल्या दिवशी झालीच पाहिजे.

ट्रांजीचा प्रयोग आणि आपला बाजार

शेवटचा प्रश्न शरीराच्या आकाराचाच आहे. जनावर लहान का असते?

१९७४ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, ट्रांजी येथील शेती संशोधन केंद्रात अँगस जातीच्या मांसाच्या गुरांवर एक प्रयोग सुरू झाला. एका कळपात दर पिढीला झपाट्याने वाढणारी जनावरे निवडून त्यांचीच पैदास केली. दुसऱ्या कळपात सावकाश वाढणारी निवडली. तिसरा कळप तुलनेसाठी ठेवला. पंधरा-एक वर्षांत दुसऱ्या कळपातील गुरे पहिल्यापेक्षा सुमारे ३० टक्के लहान झाली. त्यांनाच लोलाइन म्हणतात. पुढे थोडी जमीन असलेल्या शेतकऱ्यांनी ती हौसेने पाळली, कारण ती शांत, आटोपशीर आणि सांभाळायला सोपी होती.

या प्रयोगाचा धडा असा की निवड करत गेले तर काही पिढ्यांतच जनावराचा आकार बदलतो. आता आपल्या बाजाराकडे पाहा. कळपातला सर्वांत तगडा, लवकर वाढलेला बोकड कोठे जातो? बकरी ईदच्या आधी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील आठवडी बाजारात किंवा दुसऱ्या एखाद्या बाजारात त्याला उत्तम भाव येतो, आणि तो विकला जातो. गिऱ्हाईक मिळाले नाही असा किरकोळ बोकड कळपात राहतो, आणि पुढच्या करडांचा बाप तोच होतो. ट्रांजीच्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या कळपात जे जाणूनबुजून केले, तेच आपण नकळत करीत असतो! फरक एवढाच की तेथे नोंदी होत्या, तुलनेचा कळप होता. येथे जातीचा जोम कमी झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

उस्मानाबादी शेळीचा मध्यम आकार, काटकपणा आणि जुळी देण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या या मुलखाच्या ऊन-पाण्याने घडवलेला आहे. तो टिकवायचा तर करडे लहान असतानाच नोंद ठेवली पाहिजे: कोणत्या शेळीला जुळे झाले, तीन महिन्यांनी कोणाचे वजन किती भरले. सर्वांत चांगला वाढलेला, जुळ्यांतला एक नर पैदाशीसाठी राखावा आणि त्याचे मोल बाजारात मागू नये. पंचवीस-तीस शेळ्यांना असा एक नर पुरतो. दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या नराशी बदलावा, म्हणजे त्याचा संबंध त्याच्याच लेकींशी येणार नाही. ज्यांना जातिवंत नर हवा असेल त्यांच्यासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. त्यांपैकी एक छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगाव येथे आहे.

तेव्हा बाजारातल्या त्या वादाचा निकाल काय? मोठे शरीर चाऱ्याची काटकसर करते, लहान शरीर वेळेची. कोरडवाहू मुलखात, थोड्या जमिनीवर, वेळेची काटकसर अधिक मोलाची ठरते. मात्र करडू जगले पाहिजे, रोग अडला पाहिजे आणि चांगला नर घरी राहिला पाहिजे.

करून पाहा

१. एक मोठे आणि एक लहान अशी एकाच आकाराची दोन स्टीलची भांडी घ्या. दोन्हींत सारखे गरम पाणी काठोकाठ भरा. दर पाच मिनिटांनी तापमापीने तापमान मोजून आलेख काढा. कोणते पाणी लवकर निवले? त्यातले एक भांडे बाहेरून ओल्या फडक्याने गुंडाळून प्रयोग पुन्हा करा आणि नवजात करडाचा विचार करा.

२. बाजारात बोकड पुष्कळदा नजरेने विकला जातो. शिंप्याच्या फितीने वजनाचा अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८०० म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये. घेर ६८ आणि लांबी ६० असेल तर उत्तर सुमारे २५.७ येते. काट्यावर वजन करून अंदाज किती चुकला ते पाहा.

३. शरीर हे घेराएवढ्या परिघाचे वृत्तचितीसारखे पिंप आहे आणि त्याची घनता पाण्याएवढी आहे असे मानले, तर वरच्या सूत्रातील भाजक १२,५६६ येतो. तो कसा, ते काढा. प्रत्यक्षात भाजक लहान का घ्यावा लागतो? (सूचना: पिंपाला डोके, मान आणि पाय नसतात.)

४. शेळीच्या ८१ पट वजनाचा प्राणी विश्रांतीच्या स्थितीत किती शेळ्यांएवढी ऊर्जा खर्च करील? वर्गमूळ दोनदा काढा आणि घन करा.

५. शिक्षकांच्या मदतीने गावातील पाच घरांच्या शेळ्यांची वर्षभराची नोंद ठेवा: जन्मलेली करडे, जगलेली करडे, दगावण्याचे कारण, विक्रीचे वजन आणि भाव. मग या लेखातील हिशेब आपल्या गावाच्या आकड्यांनी पुन्हा मांडा. तुमच्या गावाचे उत्तर १७ च्या जवळ आहे की २४ च्या?